मेश्राम सिस्टरांचा वॉर्ड

मेश्राम सिस्टर झाडाकडे आधी बघत नसत, आधी त्याचा वास घेत. कुणी ऑर्किडची कुंडी घेऊन दारात उभं राहिलं, की पानं कशी पिवळी पडली, फुलं किती होती, हे ते बिचारं सांगत राही आणि सिस्टर कुंडी दोन्ही हातांनी उचलून तळाच्या भोकापाशी नाक नेत. डोळे मिटून एक लांब श्वास घेत. मग कुंडी खाली ठेवून विचारत, "कवापासून बुडवून राह्यले याले?" समोरचा माणूस गोंधळून जाई. कारण आपण रोज न चुकता पाणी देतो, एक दिवस विसरत नाही, हे तो नुकतंच कौतुकानं सांगून मोकळा झालेला असे.

"थेच तं," सिस्टर म्हणत. "विसरले असते तं बरं झालं असतं."

वर्ध्यालगतच्या नालवाडीत आमच्या घराला लागून त्यांचं घर. सरकारी दवाखान्याच्या सर्जिकल वॉर्डात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्या तरी लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं नाव निर्मला होतं हे मला त्या गेल्यावर कळलं. उंची बेताची, केस पांढरे आणि मानेपर्यंत कापलेले, मनगटं एखाद्या पैलवानाला शोभतील अशी. घराच्या मागच्या पडवीत त्यांनी बांबूच्या दांड्यांवर आजारी ऑर्किडं टांगलेली असत. या पडवीला त्या वॉर्ड म्हणत, आणि गंमत म्हणून नव्हे. भिंतीवर पाटी होती, 'भेटीची वेळ रविवारी चार ते पाच. हात लावू नये.' प्रत्येक झाडाला पट्टीच्या कापडानं एक चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर भरतीचा दिवस. एक जाड वही. आणि ज्या झाडाची मुळं नुकतीच कापली असतील त्याच्या चिठ्ठीवर लाल शाईनं 'एनबीएम', म्हणजे तोंडावाटे काही द्यायचं नाही. ऑपरेशनच्या रोग्याच्या पलंगाला लावतात तसंच.

हा नाद त्यांना लागला निवृत्तीच्या दिवशी. वॉर्डातल्या पोरींनी त्यांना जांभळ्या फुलांचं ऑर्किड भेट दिलं. महिन्याभरात त्याची पानं लोळली. दुसऱ्या कुणी ते फेकून दिलं असतं. सिस्टरांनी वर्तमानपत्र पसरलं आणि झाड कुंडीबाहेर काढलं. कशानं मेलं हे तरी कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वर पानं अजून हिरवट होती आणि खाली सगळी मुळं तपकिरी, चिकट, दाबली की साल हातात येत होती. "भोयर भाऊ, मले इतकी लाज कदी वाटली नाई," त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. "सारी जिंदगी पोरीयले शिकवलं, का पट्टी सोडून जखम पाहा. अन् माह्याच घरी मी पट्टीवरूनच पाहून राह्यली होती."

मग त्यांनी विचारपूस केली, वाचलं, चार झाडं मारली, पाचवं वाचवलं. आजकाल वर्ध्यात सत्काराला, दुकानाच्या उद्‌घाटनाला, डॉक्टरच्या नव्या दवाखान्याला ऑर्किड द्यायची रीत पडली आहे. फुलं झडली की ती कुंडी मागच्या दाराशी जाते आणि तिथून कचऱ्यात. सकाळी घंटागाडी आली की सिस्टर सगळ्यांच्या आधी फाटकात उभ्या. गाडीवाल्याशी त्यांचा करारच झाला होता, कुंडी दिसली की यांच्यासाठी बाजूला ठेवायची. त्याला त्या बदल्यात त्याच्या पायाच्या जखमेची पट्टी बदलून मिळे.

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे, नाहीतर सिस्टर कळायच्या नाहीत. मी निवृत्त कृषी सहायक. मूळ गाव हिंगणघाटकडचं वडनेर, घरची काळीभोर जमीन, कापूस आणि तूर बघतच वाढलो. झाडांबद्दल मला कुणी काही सांगावं हे मला सहन होत नसे. अजूनही फारसं होत नाही. सिस्टरांची ती टांगलेली रोगी झाडं बघून मी कुंपणावरून विचारायचो, "काय सिस्टर, आज किती दगावले?"

"तुमच्या खात्यापेक्षा कमी," त्या मान वर न करता म्हणत.

बोलणं एवढंच. दहा वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या घरी चहाचा कप हातात घेतला नव्हता. कधी मला घाई असे, कधी चहा नुकताच झालेला असे. खरं कारण मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. आज लिहिताना लाज वाटते. पण सिस्टरांबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, तर मग लिहूच नये.

माझा मुलगा नितीन आसामात पुलाच्या कामावर इंजिनियर होता. तिथल्याच मुलीशी, जुनमोनीशी, त्यानं लग्न ठरवलं. मी लग्नाला गेलो, फोटोत उभा राहिलो आणि परत आलो. पुढे नितीनला बुटीबोरीत नोकरी लागली आणि दोघं नालवाडीला आमच्याकडे राहायला आली. माझी बायको सुमन हिनं आठ दिवसांत सुनेला भाकरी थापायला बसवलं. मी मात्र दीड वर्ष "चहा ठेव" आणि "पेपर कुठे आहे" यापलीकडे गेलो नाही. पोरगी वाईट होती म्हणून नव्हे. आपल्याला न विचारता आली, हा सल होता. दुसरं काय.

तिनं माहेरून एक झाड आणलं होतं. लाकडाच्या ओंडक्याला काथ्यानं बांधलेलं, लांब पट्ट्यांसारख्या पानांचं ऑर्किड. आसामात त्याला कपौ फूल म्हणतात; एप्रिलमध्ये त्यांचा बिहूचा सण येतो तेव्हा बायका त्याचा फुलांचा झुबका केसांत माळतात. निघताना तिच्या आईनं ते स्वतः बांधून दिलं होतं. आमच्या गॅलरीत ते टांगलेलं असे आणि त्याची जाडजूड मुळं खाली हवेत लोंबकळत.

आमच्याकडे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तिची आई आजारी पडली. जुनमोनी घाईनं निघाली. जाताना मला म्हणाली, "बाबा, इसको बस सुबह थोड़ा छींटा देना." दहा-बारा दिवसांनी फोन आला, की आई गेली. फोन माझ्याच हातात होता. मी "हं, हं" केलं आणि फोन सुमनकडे दिला.

त्यानंतर मला चैन पडेना. त्या पोरीसाठी काहीतरी करावं असं फार वाटू लागलं. बोलणं मला जमत नाही. मला जे जमतं ते मी केलं. ती उघडी मुळं मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. मुळं झाका, मातीची भर द्या, हे शेतकऱ्यांना सांगण्यात माझा जन्म गेला आणि घरातल्या झाडाची ही दशा. मी वडनेरहून पोतंभर काळी माती आणली. दोन वर्षं मुरलेलं शेणखत आणलं. घरातली सगळ्यांत मोठी कुंडी घेतली, ओंडक्याचा काथ्या कापला आणि ते झाड गळ्यापर्यंत मातीत लावलं. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. पोरगी येईल आणि बघेल की सासऱ्यानं काय सेवा केली आहे, असं मनाशी म्हणत होतो.

ती परत आली तेव्हा खालची पानं पिवळी होऊन लोळली होती. ती कुंडीपाशी उभी राहिली. मातीला बोट लावलं. मग आत निघून गेली. सुमननं विचारलं तर म्हणाली, "कुछ नहीं आई, गर्मी है." ऊन खरंच तापायला लागलं होतं, पण तिनं गॅलरीत जाणं बंद केलं. कपडेसुद्धा मागच्या दारी वाळत घालू लागली. चार दिवसांनी नितीन मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, आईच्या हातचं तिच्यापाशी तेवढंच होतं." मी खुर्चीत बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी जुनमोनी आंघोळीला गेल्याचं बघून मी ती कुंडी उचलली आणि सिस्टरांच्या दारात नेली. दहा वर्षं त्यांची टिंगल केलेला माणूस मी. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे वास घेतला.

"कोनं केलं हे?"

"नर्सरीतूनच असं आलं," मी म्हणालो. साठी ओलांडलेला माणूस, चक्क खोटं बोललो.

सिस्टरांनी चिमूटभर माती बोटांत चोळली. "वर्ध्यात कोन्त्या नर्सरीत एवढं मुरलेलं शेणखत भेटते, सांगा बरं. मीबी आनीन." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झाड कोनाचं?"

"सुनेचं."

"तुम्ही इथं आनलं हे तिले माहीत हाय?"

"नाई."

"मंग वापस घेऊन जा."

माझं डोकं सटकलं. "अहो, झाड मरून राह्यलं अन् तुम्ही असं काऊन बोलता?"

"कापाचं हाय याले," त्या शांतपणे म्हणाल्या. "वाचन का नाई, मले माहीत नाई. घरच्याची सई झाल्याबिगर ऑपरेशन होत नाई, भाऊ. अन् हे मेलं तं तिले कोन सांगन? मी सांगू? अन् तुम्ही कुंपनाच्या तिकडून ऐकसाल? जा, पोरीले घेऊन या. काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा. तवरी मी हे धुऊन ठेवते."

आमच्या दोन दारांमध्ये वीस पावलं आहेत. ती वीस पावलं चालायला मला किती वेळ लागला ते सुमनला विचारा. तिनं खिडकीतून बघितलं होतं. मी दोनदा परत फिरलो. जुनमोनी ओट्यापाशी वाटाणे सोलत होती. मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, "बेटा, वो झाड हमने मारा."

"पता है, बाबा," ती म्हणाली. हात पदराला पुसले आणि चपला घातल्या.

सिस्टरांनी वहीत तिची सही घेतली. तिनं तिच्या लिपीत केली. "वाचता नाई येत मले, पन सई हाय हे दिसते," असं म्हणून त्यांनी वही मिटली. झाड धुऊन वर्तमानपत्रावर ठेवलेलं होतं. धरायला त्यांनी मला बसवलं. मुद्दाम बसवलं, मला ठाऊक आहे. स्पिरिटच्या दिव्यावर कात्री फिरवली आणि एकेक मूळ दोन बोटांत दाबून बघायला सुरुवात केली. "कडक लागली ते ठेवाची. मऊ लागली ते काढाची. इथं दया करसाल तं सडन वर चढते." कात्रीचा आवाज होई आणि तपकिरी मूळ खाली पडे. मी दुसरीकडे बघत होतो. जुनमोनी एकटक बघत होती. शेवटी मूठभर मुळांतलं एक अख्खं आणि एक बोटभर अर्धं एवढंच उरलं. कापलेल्या टोकांना सिस्टरांनी दालचिनीची पूड लावली, चिठ्ठी बांधली, लाल शाईनं 'एनबीएम' लिहिलं आणि झाड सावलीत उलटं टांगलं.

मग त्यांनी चहा केला. तीन कप आणले. मी कप घेतला.

"साखर कमी हाय का, भाऊ?"

"नाई. बरोबर हाय," मी म्हणालो.

त्यानंतर दर रविवारी चारला मी आणि जुनमोनी भेटीला जाऊ लागलो. वॉर्डात आणखी चार-पाच नातेवाईक असत: बँकेतल्या एक बाई, सेवाग्राम रस्त्यावरचा एक चष्मेवाला, एक नवं लग्न झालेलं जोडपं. सगळे हात मागे बांधून उभे. सिस्टरांचा नियमच होता. "माया दाखवाची असन तं हात मांगं बांधा," त्या सांगत. "तहानेनं मेलेलं आर्किड म्या आजवरी पाह्यलं नाई. जे मेले ते सारे लाडानं मेले." पानं बघून कुणी हळहळलं की म्हणत, "पानं खोटं बोलतेत. मुळीले विचारा."

मला मात्र ते बघवेना. तीन आठवडे झाले, झाडाला नुसता सकाळचा हबका. बाहेर ऊन रणरणत होतं. एका रविवारी सगळे पुढच्या खोलीत गेल्यावर मी खिशातून औषधाची बाटली काढली, तिच्यात घरूनच पाणी भरून नेलं होतं, आणि हळूच त्या उरल्यासुरल्या मुळावर ओतली. सिस्टर दारात उभ्या होत्या.

"ऑपरेशनच्या दिवशी पेशंटले चोरून च्या पाजनारे नातेवाईक म्या लई पाह्यले," त्या म्हणाल्या. "साऱ्यायचं तोंड असंच रायते. पोरीच्या मायचं झाड हाय ते, भाऊ, तुमच्या मनाच्या समाधानाचं नाई. दोन रविवार भेट बंद."

मला खरंच दोन रविवार फाटकातून आत घेतलं नाही. एके काळी माझ्या एका शब्दावर अख्ख्या गावाची पेरणी थांबत असे, आणि मी कुंपणापाशी उभा राहून आत काय चाललंय ते बघत होतो. तिसऱ्या रविवारी निघालो तर जुनमोनी फाटकापाशी माझी वाट बघत थांबली होती. चालता चालता म्हणाली, "मिट्टी देखते ही समझ गई थी, बाबा. ग़ुस्सा बहुत आया. फिर सोचा, डेढ़ साल में आपने पहली बार मेरी किसी चीज़ को हाथ लगाया." त्या दिवसापासून आम्ही बोलू लागलो. तिच्या घरामागच्या तळ्याबद्दल, तिच्या आईच्या सुपारीच्या सवयीबद्दल, वडनेरच्या आमच्या विहिरीबद्दल. वीस पावलांत काय बोलून होणार, म्हणून चौकापर्यंत चक्कर मारून परत येऊ लागलो.

मे महिना वर्ध्यात माणसांनाच सोसत नाही. सिस्टरांनी पडवीला पोत्यांचे ओले पडदे लावले, झाडांखाली पाण्याच्या पराती ठेवल्या, आणि कूलर पार लांबच्या कोपऱ्यात लावला, म्हणजे ओल येईल पण झोत अंगावर बसणार नाही. लाइन गेली की आम्ही नातेवाईक बादल्या घेऊन धावत असू आणि पोती भिजवत असू. तरी आमच्या झाडाची पानं एकेक गळत गेली. पावसाळा लागला तेव्हा दोनच उरली होती, तीही सुरकुतलेली. जुनमोनीनं रविवारी यायचं टाळायला सुरुवात केली. डोकं दुखतं म्हणे.

मी सिस्टरांना विचारलं, "खरं सांगा. वाचन का?"

"मी डॉक्टरबी नाई अन् देवबी नाई. मी ड्युटी करते," त्या म्हणाल्या. "शेंडा घट्ट हाय. दोन पानांवर मी घाबरत नाई. पोरीले घेऊन येत जा, डोकं दुखलं तरी. रोग्याले सोडून नातेवाईक पळाले का मले राग येते." मी तिला घेऊन जाऊ लागलो. ती येई, हात मागे बांधून उभी राही आणि परत येई. पावसात सिस्टरांनी झाड तिरपं टांगलं होतं. शेंड्यात पाणी साचलं तर सगळं संपलं, म्हणून पाऊस आला की त्या छत्री घेऊन पडवीत उभ्या राहत.

पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. गल्लीत पोरं लाकडी बैल सजवत होती. सकाळी आमच्या फाटकाची कडी वाजली. बघतो तर सिस्टर. दहा-बारा वर्षांत त्या आमच्या दारात पहिल्यांदा आल्या होत्या.

"सूनबाईले बोलवा," त्या म्हणाल्या. "अन् चपला घाला, भाऊ. असेच नका धावू."

पडवीत त्यांनी जुनमोनीच्या हातात भिंग दिलं आणि बुंध्याकडे बोट दाखवलं. साल फोडून एक हिरवं टोक बाहेर आलं होतं. मुगाच्या दाण्याएवढं. त्याच्या वर आणखी एक, त्याहून लहान. जुनमोनी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं भिंग खाली ठेवलं, सिस्टरांचा दंड धरला आणि रडू लागली. आई गेल्यापासून आमच्या घरात ती एकदाही रडली नव्हती. मी पुढे झालो तर सिस्टरांनी मला हातानं थांबवलं.

"भेटीची वेळ संपली, भाऊ. तुम्ही जा. ती थांबन."

मी घरी आलो आणि सुमनला म्हणालो, पुरणाचा स्वयंपाक कर. ती म्हणाली, पोळा काल झाला. मी म्हणालो, आज पुन्हा कर. आयुष्यात मी एवढा आनंदी कधी झालो होतो आठवत नाही. माझी बदली रद्द झाली होती तेव्हासुद्धा नाही.

झाड घरी आलं त्या वर्षीच्या थंडीत. तोवर त्याला नवी पाच मुळं आणि दोन नवी पानं होती. सिस्टर रोगी सोडताना नातेवाइकांची तोंडी परीक्षा घेत, आणि बँकेतल्या बाई तीनदा नापास झालेल्या मला माहीत होत्या. माझीही झाली.

"पानी कवा देसाल?"

"मुळी पांढरी पडली का."

"हिरवी असली तं?"

"नाई देणार."

"अन् लई माया आली तं?"

"हात मांगं बांधून उभा राहीन."

"पास," त्या म्हणाल्या, आणि नव्या ओंडक्याला नव्या काथ्यानं झाड बांधलं. गाठ जुनमोनीला मारायला लावली.

घरी आल्यानंतरचा पहिला एप्रिल महिना नुसता गेला. पानं आली, मुळं आली, फूल नाही. "आता ताकद भरून राह्यलं ते, घाई नका करू," असं सिस्टरांनी आम्हाला बजावलं होतं. पुढच्या मार्चमध्ये पानाच्या बगलेतून एक दांडा निघाला आणि खाली वाकला. मी रोज सकाळी चष्मा लावून तो मोजत असे. सुमन म्हणे, नातवंडाचंही इतकं केलं नसतं.

गेल्या दिवाळीच्या आधी सिस्टर वारल्या. तीन दिवस दवाखान्यात होत्या, त्यांच्याच जुन्या वॉर्डाच्या शेजारी, आणि त्या तीन दिवसांतही त्यांनी सलाईन नीट लावलं नाही म्हणून एका पोरीला झापलं. त्यांच्या जाण्याबद्दल मला फार लिहायचं नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या एका दुपारी दिसल्या तशाच त्या मला आठवू देत.

चौदा एप्रिल होता, जयंतीचा दिवस. नालवाडीत निळे झेंडे लागले होते, चौकात मंडपात गाणी चालू होती. आणि आसामात तेव्हाच बिहू. आमच्या गॅलरीतला दांडा आदल्या दोन दिवसांत पूर्ण उमलला होता, हातभर लांब, पांढऱ्या फुलांनी गच्च, प्रत्येक फुलावर जांभळे ठिपके. शेजारपाजारचे बघून गेले. दुपारी मी जरा पडलो होतो. उठून बघतो तर दांडा झाडावर नाही. जुनमोनीनं तो कापून ओल्या फडक्यात गुंडाळला होता आणि ती सिस्टरांकडे निघाली होती. मी अनवाणीच मागे गेलो.

सिस्टर संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी तयार होऊन बसल्या होत्या. पांढरी कडक इस्त्रीची साडी. तो दांडा बघून त्यांचा चेहराच उतरला. "अवं, तोडलं काऊन? दोन वरसं झाले ना याले पाहून राह्यलो आपन."

"जयभीम, सिस्टर," जुनमोनी म्हणाली. ती आता अर्धं आमच्यासारखं बोलू लागली होती. "आमच्याकडे हे झाडावर नाई ठेवत. माळते. मां के बालों में हर साल मैं ही लगाती थी."

सिस्टरांनी मान खाली केली. केस आखूड, अंबाडा नाही, त्यामुळे जुनमोनीला सात-आठ पिना लावाव्या लागल्या. दांडा कानावरून खांद्यापर्यंत उतरला. मग सिस्टर खुर्चीत ताठ बसल्या. ज्या बाईला मी एका जागी दोन मिनिटं बसलेलं बघितलं नव्हतं, ती बाई मान इकडची तिकडे न करता बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही.

तेवढ्यात दाराशी एक गृहस्थ आले. निवृत्त मास्तर असावेत, हातात कुंडी, कुंडीत काळीशार माती आणि तिच्यात बुडालेलं ऑर्किड. बरोबर त्यांची बायको. "सिस्टर, याचं जरा बघता का? आजच पानं पडली. माझ्याच हातून झालं," ते म्हणाले.

सिस्टरांनी नुसते डोळे माझ्याकडे वळवले. "मी मान हालवली तं हे पडन. अन् मिरवनुकीवरी हे पाडाचं नाई मले. भोयर भाऊ, कैची घ्या."

"मी? सिस्टर, यांच्यासारखंच मी मारलं होतं."

"म्हून तं. सडलेलं कसं लागते, तुमाले माहीत हाय."

जुनमोनीनं स्पिरिटचा दिवा पेटवून माझ्यापुढे ठेवला आणि वर्तमानपत्र पसरलं. मी कुंडी आडवी केली, झाड बाहेर काढलं, माती धुतली. मास्तर माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होते. मी एकेक मूळ दाबत गेलो. पहिलं कडक. दुसरं कडक. तिसऱ्याची साल बोटाला चिकटून निघून आली.

"हं," सिस्टर म्हणाल्या, मान न हलवता.

मी कापलं.